तसल्या सिनेमाचं वेळापत्रक

तसला सिनेमा मी लिहिला, हे आमच्या इमारतीत आता सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. पण ‘लिहिला’ म्हणणं जरा जास्तच होतं. मी त्याचं वेळापत्रक लावलं. हा फरक मी पोलिसांनासुद्धा समजावून सांगितला असता, पण ते काही आले नाहीत. आला तो धुराडी तपासणारा, आणि तिथेच सगळं बिघडलं. पण ते पुढे.

मी तिहामेर गोंबोश. रेल्वेच्या वेळापत्रक खात्यात चौतीस वर्षं काढली. या कामाचं दुःख असं, की वेळापत्रक चुकलं तर अख्खं बुडापेस्ट तुमच्या नावाने बोटं मोडतं, आणि बरोबर असलं तर ते कुणी लावलं असेल हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. लोक आपल्या गाडीची ओळ बघतात आणि पान मिटतात. चौतीस वर्षांत माझं एक पान कुणी वरपासून खालपर्यंत वाचलेलं नाही. घरी तरी काय वेगळं? माझी बायको अरान्का वाचनालयात होती, पुस्तकं शेवटपर्यंत वाचते, पण मी काही सांगायला लागलो की तिसऱ्या वाक्याला म्हणते, “तिहामेर, मुद्द्यावर ये.” माझ्याकडे मुद्दा असतोच, पण तो बाराव्या वाक्याला येतो. आपलं सांगणं एकदा तरी कुणीतरी शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती. त्या इच्छेने मला कुठे नेलं बघा.

आमच्या शेजारच्या रिकाम्या घराचा मालक सिलार्ड. त्याची आई गेली तेव्हापासून घर बंदच होतं. चाळिशीचा, अतिशय सभ्य मुलगा, दार उघडून बायकांना आधी जाऊ देणारा. धंदा तसल्या सिनेमांचा. इमारतीत सगळे त्याला ‘तो जाहिरातीत आहे’ असं म्हणायचे, आणि तो कुणाचा गैरसमज दूर करायचा नाही. एका सकाळी तो डोकं धरून आमच्या स्वयंपाकघरात बसला.

“तिहामेर काका, तुम्ही गाड्या लावायचात ना?”

“चौतीस वर्षं.”

“मग माझ्या तीन गोष्टी लावून द्या.”

झालं होतं असं, की त्याच्या खरेदीदारांना आता साधी एक गोष्ट नको होती. एकाच सिनेमात तीन गोष्टी हव्या, त्याही एकमेकींत गुंफलेल्या. या धंद्यात म्हणे त्याची नवी हवा आली आहे, बक्षिसंसुद्धा मिळतात. सिलार्डने स्वतः प्रयत्न केला होता. त्यात पहिल्या गोष्टीतला माणूस मंगळवारी सकाळी घराबाहेर पडायचा आणि दुसऱ्या गोष्टीत सोमवारी संध्याकाळी पोचायचा.

“असं कुणी बघितलं तर?” मी विचारलं.

“कोण बघतंय, काका. पण खरेदीदाराने बघितलं.”

मी आलेख-कागद काढला. आडवी वेळ, उभे मजले. गाड्यांच्या खात्यात हेच करतात, फक्त मजल्यांच्या जागी स्टेशनं असतात. तीन रेघा ओढल्या. पहिल्या मजल्यावर एक बाई, जिची किल्ली कुलपात मोडते आणि कुलूपवाला येतो. दुसऱ्या मजल्यावर घटस्फोट घेणारं जोडपं, जे सोफा कुणाचा यावरून भांडतंय. तिसऱ्या मजल्यावर पियानो शिकवणारी बाई, तिच्याकडे दर गुरुवारी पियानोचे सूर लावणारा माणूस येतो. आणि दहा वाजून पस्तीस मिनिटांनी जिन्यात सोफा अडकतो, कुलूपवाला आणि सूरवाला दोघेही त्या सोफ्यापाशी खोळंबतात, आणि निघताना एकमेकांची पिशवी उचलतात. सूरवाला वर जाऊन पिशवी उघडतो तर आत कानस. कुलूपवाल्याच्या हाती सूर लावायचा चिमटा. मला स्वतःलाच वाटलं, वा गोंबोश, हे जमलंय.

“मुख्य प्रसंगाला किती वेळ धरू?” मी विचारलं. अरान्का भाजी चिरत होती, तिची सुरी थांबली.

“बावीस मिनिटं,” सिलार्ड म्हणाला. “प्रत्येकी.”

मी कागदावर तीन ठिकाणी ‘थांबा २२ मि.’ असं लिहिलं. थांब्यात प्रवासी काय करतात हे बघणं वेळापत्रक खात्याचं काम नाही. आपलं काम येणं आणि जाणं. एक मूलभूत नियम मात्र मी त्याला सांगितला, की एका वेळी एका रुळावर दोन गाड्या येता कामा नयेत. त्यावर तो नम्रपणे म्हणाला, की त्याच्या धंद्यात बरोबर उलटं असतं. अरान्का भाजीची पाटी घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

चित्रीकरण सिलार्डच्या त्या बंद घरात आणि आमच्या जिन्यात व्हायचं होतं, पण जिना आणि अंगणाभोवतीचे उघडे व्हरांडे ही इमारतीची सामायिक मालमत्ता. म्हणजे सभा आली. सभा म्हणजे केरेकेशबाई आल्या. केरेकेशबाई आमच्या इमारतीचा कारभार बघतात, आणि त्यांच्या सहीशिवाय इथे कबुतरसुद्धा कठड्यावर बसत नाही. सभा तळमजल्यावर जुन्या धुण्याच्या खोलीत. नेहमीप्रमाणे गणसंख्या भरली नाही, म्हणून अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरवली, आणि त्याच नऊ जणांना आता कायद्याने पुरेसं धरण्यात आलं.

मला भीती होती ती नैतिकतेची. सिलार्ड तर कोपऱ्यात घाम पुसत बसला होता. केरेकेशबाईंनी माझा कागद मोठ्याने वाचला, थांब्यांसकट. मग तळमजल्याच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या लुइझाआजी म्हणाल्या, “हा कुलूपवाला वीस मिनिटांत येतो?”

“हो.”

“माझ्याकडे तीन दिवसांनी आला होता. मी तीन दिवस मागच्या खिडकीतून घरात जात होते. हे कोण खरं मानणार?”

“आणि सोफा जिन्यात अडकतो,” केरेकेशबाईंचे यजमान ओडन म्हणाले, “पण तो पाय काढून तिरका धरला तर नाही अडकत. मी सत्त्याऐंशी साली नेलाय.”

“ओडन, तू गप्प बस. सोफा तिला मिळाला, मग झुंबर कुणाला?” केरेकेशबाईंनी मला विचारलं. “हे कुठेच लिहिलेलं नाही.”

दीड तास चर्चा झाली. थांब्यांविषयी एक अक्षर नाही. शेवटी परवानगी मिळाली, नऊ अटींवर. दुपारी बारा ते दोन काम बंद. व्हरांड्यात सर्वांनी पूर्ण कपड्यांत असावं. सायकली हलवू नयेत. थांबे खिडक्या लावून घ्यावेत. नववी अट अशी, की ज्या भागात इमारत दिसते तो भाग बाहेर जाण्याआधी सभेला दाखवावा. हे सगळं इतिवृत्तात गेलं. घरी येऊन मी अरान्काला सगळं सांगायला बसलो. सोफ्यापर्यंत आलो असेन.

“मुद्द्यावर ये. तुझं नाव लागणार आहे का त्यावर?”

“लागलं तर काय वाईट?”

“मग मी केच्केमेतला बहिणीकडे जाते,” ती म्हणाली, आणि गेली नाही, पण बॅग दोन दिवस पलंगावर होती.

आता या धंद्याची एक रीत मला कुणी आधी सांगितली नव्हती. इथे प्रत्येक जोडी एकाच दिवसापुरती बोलावतात. त्यांच्या डॉक्टरी तपासणीचे कागद असतात, त्यांना दुसऱ्या गावी जायचं असतं, त्यामुळे सकाळी येतात आणि संध्याकाळी जातात. मंगळवारी कुलूपवाला, बुधवारी घटस्फोटवाले, गुरुवारी सूरवाला. म्हणजे दहा पस्तीसला जिन्यात भेटणारी माणसं जन्मात कधी एका जिन्यात येणार नव्हती. तीन गाड्यांची गाठ घालून दिली आणि रूळ तीन वेगवेगळ्या दिवशी टाकलेले.

“पाठी लागतील,” सिलार्ड म्हणाला.

“कुणाच्या?”

“कुणाच्याही. एकाचं तोंड, बाकीच्यांच्या पाठी.”

अशी आमची इमारत सिनेमात शिरली. मंगळवारी आणि बुधवारी सूरवाल्याची पाठ मी, रेनकोट घालून. गुरुवारी कुलूपवाल्याची पाठ ओडन, आणि सोफा ओढणाऱ्या बायकोची पाठ स्वतः केरेकेशबाई. त्या आदल्या दिवशी केस करून आल्या. ओडनने सोफ्याचा पाय काढायचा आग्रह धरला, तेव्हा त्याला सांगावं लागलं की सोफा अडकायलाच हवा आहे. हे त्याला अजून पटलेलं नाही. लुइझाआजी रोज खिडकीत बसून सूचना करायच्या. मला म्हणाल्या, “तिहामेर, तुझी पाठ फार खरी वाटते.” इतकं कौतुक मला रेल्वेने कधी केलं नव्हतं.

गुरुवारी माझ्या पाठीची गरज नव्हती, तरी रेनकोट घालून मी हजर होतो. राखीव इंजिन लागतंच. पियानोवाल्या बाईचं काम करणारी वांदा नावाची मुलगी होती, आधी दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. अंगरख्यात, केसांना चिमटे लावून ती व्हरांड्यात कॉफी पीत होती, आणि तिच्या हातात माझा कागद होता. सगळा कागद. तिने तो वरपासून वाचला होता.

“काका, एक विचारू? हिचा पियानो तर नवा आहे. मग ही दर गुरुवारी त्याला कशाला बोलावते?”

“दहा चाळीसला तो पोचतो,” मी म्हणालो.

“ते कळलं. पण का बोलावते?”

मी कागद उलटसुलट केला. येणं होतं, जाणं होतं, का नव्हतं. चौतीस वर्षांत कुठल्या प्रवाशाला ‘का जाताय’ असं मी विचारलं नव्हतं. मी घरात जाऊन अरान्काला विचारलं.

“मला कशाला विचारतोस? तिलाच विचार ना,” ती म्हणाली, आणि ढोबळी मिरचीच्या लेचोच्या पातेल्यावर झाकण जरा जोरात ठेवलं.

अकरा वाजता सिलार्डच्या घरात थांबा सुरू झाला. मी शिस्तीने पडद्यामागे, घड्याळ हातात. बावीसपैकी नऊ मिनिटं झाली आणि दाराची घंटा वाजली. धुराडी तपासणारा. त्याच्या येण्याची सूचना दोन आठवडे खाली लावलेली होती, ती केरेकेशबाईंनीच चिकटवली होती, आणि आम्ही सगळे रोज तिच्यावरून जात होतो. धुराडेवाल्याला दारातून परत पाठवता येत नाही, तसा कायदाच आहे. केरेकेशबाई त्याला घेऊन आत आल्या. काळे कपडे, खांद्यावर ब्रश, हातात शिक्क्याची वही.

आता आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं, की धुराडेवाला दिसला की ताबडतोब अंगावरची एक गुंडी धरायची, म्हणजे नशीब उघडतं. हात आपोआप जातो. सिलार्डने कोटाची धरली. दिवे सांभाळणाऱ्याने शर्टाची धरली. केरेकेशबाईंनी गळ्याखालची धरली. राहिले दोघे, ज्यांच्या अंगावर धंद्याच्या नियमाप्रमाणे एकही गुंडी नव्हती. सूरवाला चेक देशातला होता, पण त्यांच्याकडेही हीच रीत असावी, कारण त्याने उशीच्या अभ्र्याची गुंडी पकडली आणि डोळे मिटले. वांदा चादर गुंडाळून इकडे तिकडे बघत होती. पडदा बाजूला झाला, तिला माझा रेनकोट दिसला, आणि तिने दोन्ही हातांनी माझी दुसरी गुंडी घट्ट धरली. बिचारीची त्या महिन्यात परीक्षा होती, तिला नशिबाची खरोखरच गरज होती.

नेमकी त्याच क्षणी दारात अरान्का. धुराडेवाला आमच्याकडे आधी जाऊन आला होता, आणि त्याला हवा असलेला गॅसचा कागद माझ्या रेनकोटच्या खिशात होता.

मी बोलायला तोंड उघडलं. समजावून सांगण्यासारखं पुष्कळ होतं, सुरुवात रेल्वेपासून करावी लागली असती. दचकून वांदाने हिसका दिला आणि गुंडी तुटून तिच्या हातात आली.

“कागद,” अरान्का म्हणाली.

मी दिला. ती गेली. धुराडेवाल्याने चिमणी तपासली, शिक्का मारला, सगळ्यांना शुभ दिवस म्हटलं आणि गेला. या गोंधळात तास गेला, बारा वाजले, अट क्रमांक एकप्रमाणे काम बंद, आणि दोननंतर चेक पोराला विमान गाठायचं होतं. थांबा कसाबसा पुरा झाला. पण त्यानंतर सूरवाला चुकीची पिशवी घेऊन जिना उतरतो, मग मागे वळतो, तिच्या दारापाशी परत येतो, हा शेवट राहून गेला. उतरणं मिळालं, परत येणं नाही.

त्यानंतर घरात सहा दिवस फक्त नामं होती. “मीठ.” “किल्ली.” “टपाल.” मी चारदा खुलासा करायला बसलो. चारदा ती उठून गेली. तिने आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. मला खरंच वाईट वाटत होतं, आणि त्याहून वाईट याचं, की निर्दोष असूनही माझा खुलासा फारच लांब होता.

महिन्याने सिलार्ड आला, मान खाली.

“काका, खरेदीदारांनी कापला.”

“किती?”

“तीन तुकडे केले. तीन थांबे वेगवेगळे विकतायत. बाकीचं काढून टाकलं. म्हणाले, बघणारे तेवढं पुढे ढकलतात.”

“म्हणजे जिना?”

“नाही.”

“पिशव्या?”

“नाहीत, काका.”

मी हसून म्हणालो की ठीक आहे, धंदा आहे, आणि मग मला हसता येईना. लोक आपल्या गाडीची ओळ बघतात आणि पान मिटतात. इथेसुद्धा तेच. सिलार्डने खाली मान घालून एक छोटी डबी टेबलावर ठेवली. थांबे सोडून जे उरलं होतं, ते सगळं त्याने माझ्यासाठी एकत्र जोडून आणलं होतं. सव्वीस मिनिटं.

मी ती डबी कपाटात टाकणार होतो. पण केरेकेशबाईंना नववी अट पाठ होती. बुधवारी पाच वाजता, धुण्याच्या खोलीत, भिंतीवर चादर. मी अरान्काला ये म्हणालो.

“मी येणार नाही,” ती म्हणाली. तेवढं का होईना, एक पूर्ण वाक्य मिळालं.

त्या दिवशी अकरा वर्षांत पहिल्यांदा पहिल्याच हाकेला गणसंख्या भरली. लोक घरून खुर्च्या घेऊन आले, लुइझाआजींनी पोगाचा, म्हणजे छोटे खारे पाव, भाजून आणले. दिवा मालवला. आणि सव्वीस मिनिटं कुणी जागचं हललं नाही. आपापली पाठ आली की लोक कोपराने ढोसायचे, पण हळूच. पिशव्या बदलल्या तेव्हा कुणीतरी “अगं बाई” म्हणालं. पियानोवाल्या बाईने पिशवीतली कानस हातात घेऊन सूरवाल्याकडे बघितलं, तेव्हा ओडनने नाक शिंकरलं. थांबे नव्हतेच, म्हणून दर वेळी दार बंद व्हायचं आणि लगेच उघडायचं, आणि माणसं जरा वेगळी होऊन बाहेर यायची. हे मी कागदावर लावलं नव्हतं. ते आपोआप झालं होतं. मी चादरीकडे न बघता लोकांकडे बघत होतो. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, कोट अंगात तसाच ठेवून अरान्का बसली होती. कधी आली, कळलं नाही.

सूरवाला जिना उतरला. खाली अंगणात थांबला. चादर पांढरी झाली.

“पुढे?” लुइझाआजी म्हणाल्या.

“संपलं,” सिलार्ड म्हणाला. “तेवढं राहिलं.”

मग जो दंगा झाला तो इतिवृत्तात नाही. ओडनचं म्हणणं, तो पिशवी ठेवून निघून जाणार, पुरुष असेच असतात. केरेकेशबाईंचं म्हणणं, ती धावत खाली येणार, आणि हे त्या ओडनकडे न बघता म्हणाल्या. लुइझाआजींना दोघांचं लग्न हवं होतं, तेही चर्चमध्ये. कुणीतरी मला विचारलं, “गोंबोश, तुम्ही लावलंत ना, तुम्ही सांगा. आणि नवा पियानो असून ती त्याला दर आठवड्याला बोलावते तरी कशाला?”

मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं.

“ती स्वतःच तारा सैल करते,” मागून अरान्का म्हणाली.

सगळे वळले. “दर बुधवारी,” ती म्हणाली. “एक तार. फार नाही, त्याला यावं लागेल एवढीच. आणि ती खाली धावत वगैरे येणार नाही. दारामागे उभी राहील. तो येईल.”

केरेकेशबाईंनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं आणि हात वर करायला सांगितलं. एकमताने संमत झालं.

आमची लिफ्ट बंदच असते. आम्ही जिना चढत होतो. दुसऱ्या मजल्यावर, सोफा अडकला होता तिथे, मी थांबलो.

“तुला कसं कळलं?”

अरान्का कठड्याला टेकली. “वेळापत्रक खात्यात जायच्या आधी तू न्युगाती स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसायचास, तेव्हा मी दर गुरुवारी यायचे. वाट्सची गाडी विचारायला.”

“हो. तुझी मावशी होती ना वाट्सला.”

“मला मावशी नाहीये, तिहामेर.”

बेचाळीस वर्षं मी त्या मावशीला कधी भेटलो नाही, हेसुद्धा माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

“मग तू कुठे जायचीस?”

“कुठेच नाही. तिकीट काढायचे, कारण तू खिडकीतून बघायचास. मग मागच्या दाराने बाहेर पडून ट्रामने घरी. तू मला सहा बावन्नची सांगायचास, मग ती चुकली तर सात बावीसची, मग मध्ये कुठे थांबते, डबे किती, मागचा डबा का घ्यायचा नाही. मागे रांग ओरडत असायची. अकरा गुरुवार मी एक शब्द न चुकवता ऐकलं. शेवटपर्यंत.” तिने माझ्या रेनकोटची उरलेली वरची गुंडी लावली. “तेव्हापासून जरा दमलेय, एवढंच.”